चारचा पहारा

सप्त्याच्या पाचव्या दिवशी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, काशिराम घरतांना लघवीची कळ आली आणि घराण्याची एक्केचाळीस वर्षांची पुण्याई टांगणीला लागली.

एरवी यात सांगण्यासारखं काय होतं? सत्तरीच्या माणसाला कळ येते, तो उठतो, देवळामागच्या करंजाआड जातो, पाय धुऊन परत येतो. देव काही हजेरी घेत नाही. पण काशिरामांच्या गळ्यात वीणा होती. सप्ता बसला की वीणा सात दिवस, सात रात्री उभी असते. जमिनीला टेकवायची नाही, खुंटीला अडकवायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्याच गळ्यात पडली पाहिजे, आणि ती पडेपर्यंत धरणाऱ्यानं तोंडातलं नाम आणि पायाखालची जागा सोडायची नाही. काशिरामांच्या वडिलांनी गावात पहिला सप्ता बसवला, त्या सालापासून वीणा एकदाही खाली आलेली नव्हती. एका साली वावटळीत मांडव उडाला, वीणेकरी उभाच. एका साली वीणेकऱ्याची बायको भर पहाऱ्यात बाळंत झाली, वीणेकरी तरी उभाच. तो वीणेकरी म्हणजे काशिराम, आणि त्या दिवशी जन्मला तो थोरला महादेव.

आणि आता याच महादेवाची वाट बघत ते उभे होते. चारला त्यानं येऊन वीणा घ्यायची होती.

कळ पहिल्यांदा आली तेव्हा काशिरामांनी तिला भाव दिला नाही. नाम जरा मोठ्यानं घेतलं. चूक त्यांची नव्हती, ताकाची होती. फाल्गुनातलं ऊन, मांडवाचं कापड तापलेलं, म्हणून थोरल्या सुनेनं, आशालतानं, पहाऱ्याआधी आग्रह करकरून दोन तांबे थंड ताक पाजलं होतं. सुनेच्या प्रेमाला नाही कसं म्हणायचं? ते प्रेम आता ओटीपोटात येऊन बसलं होतं.

पूर्वी चारला कोण येणार हा प्रश्न गावाला पडत नसे. भात कणगीत गेलं की फाल्गुनात कामं दोनच. खाडीच्या बांधाला चिखल लावायचा आणि सप्ता करायचा. पहाऱ्याला माणूस शोधावा लागत नसे, हाकलावा लागे. मग हायवेपलीकडे कंपन्या आल्या. गावातला एकेक पुरुष डबा घेऊन गेला तो पहिल्या, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या पाळीत वाटला गेला. आता गावचे सगळे पुरुष एका जागी दिसायचे ते फक्त मयताला, आणि त्यातलेही चौघे ‘माझी सेकंड आहे’ म्हणत सरण पेटायच्या आत घड्याळ बघायचे.

म्हणून यंदा तक्ता झाला. आशालता पनवेलची, मॅट्रिक पास, औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. सप्त्यासाठी रजा टाकून तिनं आलेखाच्या कागदावर तीन रंगांच्या शाईनं पहाऱ्यांचा तक्ता आखला. कंपनीची पहिली पाळी तीनला सुटते, गाडी पावणेचारला गावात येते, म्हणून पहारा चारला बदलायचा. दुसरी अकराला सुटते, म्हणून मग बाराला. तक्ता देवळाच्या खांबाला चिकटला तेव्हा काशिराम बराच वेळ त्याच्यासमोर उभे होते.

“म्हणजे देव आता भोंग्यावर उठणार,” एवढंच ते बोलले होते.

पावणेचारला मॅटाडोरचा हॉर्न वाजला. मांडवाला लागून असलेल्या चुलाणापाशी आशालता सासूबरोबर डाळ ढवळत होती. तिनं उतरणारी डोकी मोजली. बारा. रंगाच्या कंपनीतले सगळे मानेवरून ओळखू यायचे. त्या आठवड्यात जो रंग शिजत असेल तो घामाबरोबर मानेवर उतरायचा. या आठवड्यात गुलाबी होता. बारा गुलाबी माना उतरल्या, घराकडे गेल्या. तेरावी उतरली नाही.

“दिनूभावजी, हे कुठायत?”

दिनानाथ, तिचा धाकटा दीर, गाडीच्या दाराला टेकून विडी काढत होता. मॅटाडोर त्याचीच, आणि कंपनीच्या तिन्ही पाळ्यांची माणसं नेणं-आणणं हा त्याचा धंदा. सासूला बघून त्यानं विडी परत कानावर ठेवली.

“दादा अडकला, वैनी. डबल लागली त्याला. हसुराम कामावर आलाच नाय.”

हसुराम म्हणजे काशिरामांचा पुतण्या. कंपनीत महादेव ज्या जागेवर सकाळी उभा राही, त्याच जागेवर तीनपासून हसुराम.

“आला नाही म्हणजे काय? सेकंडवाल्यांना तुम्हीच नेता ना?”

“अडीचला त्याच्या दारात तीन हॉर्न मारले. त्याची बायको बोलली, उठत नाय. तीन रात्री लागोपाठ बारा ते चार वीणा धरली त्यानं. मग काकड्याला थांबायचं, मग काकड्याच्या चहाला थांबायचं. आता पालथा पडलाय, वर ढोल बडवला तरी उठणार नाय.”

“तीन रात्री लागोपाठ? कुणी लावला त्याला?”

 दिनानाथानं हनुवटीनं खांबाकडे दाखवलं.

आशालतानं पदराला हात पुसले आणि ती तक्त्यापाशी गेली. सेकंडवाले पुरुष गावात तिघेच, म्हणून बाराचा रकाना तिनं त्यांच्यातच फिरवला होता. त्यातला एक मुंबईला गेला, दुसऱ्याला ताप आला, आणि तिनंच मोठ्या कौतुकानं खोडून खोडून तिन्ही रात्री हसुरामचं नाव लिहिलं होतं. तक्त्यात वीणा होती, कंपनी होती. झोप कुणाच्याच रकान्यात नव्हती.

“आता वीणा कोण धरील गं?” सासूनं, गुणाबाईनं, मागून विचारलं. “मघापासून बघते, यांचा पाय एका जागी नाय.”

“बारा जण उतरले ना आत्ता.”

“त्यांना धरता येत असती तर तुझ्या तक्त्यात आले नसते? कुणाच्या घरी सुतक, कुणी आजच सकाळी बोंबील भाजला, उरलेल्यांची माळ नाय. बुवा पनवेलला घशाच्या डॉक्टराकडे गेले. म्हातारे तिघं, तर एकाचा पाय प्लास्टरात, एकाचे हात कापतात आन तिसरा उभ्या उभ्या झोपतो.”

आशालतानं दिराकडे बघितलं. दिरानं सासूकडे बघितलं. सासूनं डाळीकडे बघितलं.

तिथं हायवेपलीकडे, पळस्पे फाट्याच्याही पुढं, महादेव घरत लोखंडाच्या एका मोठ्या भांड्यासमोर उभा होता. त्याला व्हेसल म्हणायचं. आत गुलाबी रंग रटरटत होता आणि वरच्या काट्यावर नजर ठेवून वाफेची चावी कमी-जास्त करणं हे महादेवाचं काम. त्याचे शिफ्ट इनचार्ज, इंद्रजीत साहेब, वयानं त्याच्या धाकट्या भावाएवढे.

“साहेब, चारला माझी वीणा आहे.”

“काय आहे?”

“वीणा. सप्ता चाललाय गावात. माझा बाप गळ्यात घेऊन उभा आहे. मी गेल्याशिवाय त्याला सोडता येत नाही.”

“अहो घरत, थोडा वेळ खाली ठेवतील की.”

“मग तुम्ही ही व्हेसल ठेवा ना थोडा वेळ.”

“वेडे झालात का? टेंपरेचर चढलं तर छप्पर उडेल.”

“आमच्याकडे पण तसंच आहे साहेब. छप्पर तेवढं उडत नाही.”

इंद्रजीत साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते रजिस्टरमागं लपवलं. “हे बघा, तुमचा रिलिव्हर तुमच्याच गावचा, तुमच्याच भावकीतला. मी काय करू? तो आला की त्या मिनिटाला सुटा. तोवर हलायचं नाही. तुम्हाला हे सांगावं लागत नाही, म्हणूनच तर मी मॅनेजरना सांगतो, घ्यायचा तर घरतांच्या गावचा माणूस घ्या. बदली आल्याशिवाय जागा सोडत नाही.”

ही तारीफ महादेवानं पूर्वीही ऐकली होती आणि घरी जाऊन बापाला अभिमानानं सांगितली होती. आज ती त्याला मनाला लागली. देवापुढं उभं राहून गावानं चाळीस वर्षांत जे कमावलं ते कंपनीनं पाच मिनिटांच्या मुलाखतीत उचललं, आणि तेही फुकट. बापानं त्याला शिकवलं होतं, जागा सोडायची नाही. कुणाची जागा, हे शिकवायचं राहून गेलं होतं.

त्यानं काट्याकडे बघितलं. चावी अर्धा फेर फिरवली. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपण नाम घेतोय.

चार वाजून गेले.

वीणेसमोर माईक होता, आणि दिवसभर चालणारं नाम त्यातून देवळावरच्या दोन कर्ण्यांत जाऊन खाडीपर्यंत ऐकू येत असे. स्पीकरवाला अब्दुल्ला, पनवेलच्या मोहल्ल्यातला. गेली पंधरा वर्षं सप्ता त्याच्याच मशीनवर वाजत होता. कीर्तन कुठं चढणार आणि बुवा कुठं रडणार हे त्याला बुवांच्या आधी कळे. वीणेकऱ्याला कुणाशी दोन शब्द बोलायचे झाले की अब्दुल्ला अलगद बटण खाली करी आणि नाम सुरू झालं की वर. एवढी त्याची सेवा. आता तो उठला.

“काशिरामकाका, असरची वेळ झाली. नमाज पढून पाच मिन्टांत आलो.”

काशिरामांनी मान हलवली. बटण वरच राहिलं.

आता त्यांनी दोन्ही गुडघे एकमेकांना लावून धरले होते. नामाची लय बदलली होती. मघाशी ती विलंबित होती, आता मृदंग्यालासुद्धा गाठता आली नसती.

गुणाबाई मांडवात आली. “महादेव येत नाय. डबल लागली त्याला.”

“रामकृष्णहरी… किती वेळ… रामकृष्णहरी?”

“हसुराम उठून कामावर जाईपर्यंत. तो हसुराम मेल्यासारखा झोपलाय.”

काशिरामांनी डोळे मिटले. हे सगळं कर्ण्यांतून खाडीपर्यंत गेलं. पाणवठ्यावरच्या बायकांनी हंडे खाली ठेवले. आणि वरच्या आळीत, ढोलालाही न उठणारा हसुराम, देवळाच्या कर्ण्यातून आपलं नाव मेल्यासारखं निघाल्याचं ऐकून ताडकन उठून बसला. त्यानं घड्याळ बघितलं, देवाचं नाव न घेता दुसरंच काहीतरी घेतलं, आणि सदरा हातात धरून हायवेकडे पळाला. तिथं मातीचे ट्रक कुणाहीसाठी थांबायचे.

मांडवात हे कुणाला ठाऊक नव्हतं.

“द्या इकडं, मीच धरते,” गुणाबाई म्हणाली.

“रामकृष्णहरी… बाईमाणसानं वीणा धरल्याचं कुठं… रामकृष्णहरी… चार तास धरायची असती, खेळ हाय का?”

“चार तास!” गुणाबाईचा आवाज चढला. “हे दोघं नऊ नऊ महिने धरले, तवा मला कोण रिलिव्हर आला व्हता?”

पाणवठ्यावर एक बाई खाली बसली. हसून हसून तिला उभं राहवेना. आळीआळीतून बायका देवळाकडे निघाल्या. असं कीर्तन गावात पूर्वी झालेलं नव्हतं.

तोवर आशालता दिराला मांडवाच्या तोंडाशी घेऊन आली होती. तिथंच दिनानाथ थांबला. दोन वर्षांत तो यापुढं आलेला नव्हता. सप्त्याला तांदूळ त्याच्या गाडीतून यायचे, पाण्याची पिंपं त्याच्या गाडीतून यायची, बुवा त्याच्या गाडीतून यायचे. तो स्वतः खांबाच्या बाहेर उभा राहायचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं खाडीकडचं आपल्या वाटणीचं शेत विकलं, त्यावर कुणाचं तरी गोडाऊन उभं राहिलं, आणि त्या दिवसापासून काशिराम त्याच्याशी बोलत नव्हते. भांडण नव्हतं. जेवायला दोघं एकाच पंक्तीला बसत. पण मध्ये गुणाबाई लागे. ‘त्याला सांग, मीठ दे.’ ‘आये, त्यांना सांग, हे घ्या.’ मीठ हातभर अंतरावर आणि निरोप चुलीवरून फिरून.

“आबा,” आशालता म्हणाली, “दिनूभावजी मोकळे आहेत. दहापर्यंत त्यांची गाडी नाही. तक्त्यात सगळ्यांना कुठली ना कुठली पाळी आहे, एकट्या यांनाच नाही. माझी चूक झाली, मी यांचं नावच घातलं नाही.”

“तुझी नाय. मीच सांगितलं व्हतं… रामकृष्णहरी… नको म्हणून.”

“आता काय सांगता?”

काशिरामांनी सुनेकडे बघितलं नाही. “गुणा, त्याला विचार… रामकृष्णहरी… शेत विकताना… आजाची आठवण झाली नाय, आता त्याच आजाची… वीणा…”

“आये, त्यांना सांग,” खांबापासून दिनानाथ म्हणाला, “मी मागायला आलो नाय. वैनीनं आणलं म्हणून आलो. मी कंपनीत जाऊन दादाला आणतो. हसुरामला उचलून नेऊन टाकतो तिथं.”

“जाऊन येऊन तास लागेल!” आशालता म्हणाली.

“मग तास थांबतील. त्यांना सवय हाय उभं राहायची.”

“थांब रे!” गुणाबाई दोघांच्या मध्ये आली, आणि नेमकी माईकच्या समोर. “दोन वर्षं तुमच्या दोघांचे निरोप वाहिले, आज माझा निरोप ऐका. आवो, ज्या दिवशी खाडीच्या बांधाला खांड पडली, त्या दिवशी तुमी कुठं व्हतात?”

काशिरामांचं नाम एक क्षण अडखळलं.

“सांगा की. उलव्याला सप्त्याला. तीन दिवस. मोठा बुवा आला व्हता. थोरला शिफ्टला. आन सगळा गाव शिफ्टला. पूर्वी खांड पडली की थाळी वाजवायची आन शंभर माणूस चिखलाची टोपली घेऊन बांधावर. त्या दिवशी मी थाळी वाजवली. अर्धा तास वाजवली. कोण आलं? हा आला. एकटा. भरतीच्या पाण्यात छातीपर्यंत उभा राहून सांजेपर्यंत चिखल टाकत व्हता. एका माणसानं खांड बुजते का? खारं पाणी शेतात शिरलं ते दोन पावसाळे निघालं नाय. मिठाची जमीन विकली त्यानं. भाताची नाय विकली.”

मांडवाच्या कडेनं आता बायकांची भिंत उभी होती. कुणी हसत नव्हतं.

काशिरामांना तो दिवस ठाऊक होता. उपरण्यात बुक्का आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद बांधून ते उलव्याहून आले होते, कानात अजून टाळ वाजत होते, आणि समोर शेतात आभाळ दिसत होतं, इतकं पाणी. बांधावर दिनानाथ बसला होता. अंगावर चिखल वाळलेला. त्याला त्यांनी विचारलं होतं, तू काय करत व्हतास? आपण कुठं होतो हे कुणी आपल्याला विचारायच्या आत, त्यांनी ते घाईनं त्याला विचारलं होतं.

देव सगळीकडे आहे, असं ते बुवा उलव्याला तीन दिवस सांगत होते. बांधावर जायची आठवण मात्र त्यातून कुणाला झाली नाही.

कळ आता कळ राहिली नव्हती. ती निकाल मागत होती.

“गुणा,” काशिराम म्हणाले, “रामकृष्णहरी… त्याला विचार, माळ हाय का?”

गुणाबाईनं आपल्या गळ्यातली तुळशीची माळ काढली, दिनानाथापाशी गेली आणि त्याच्या गळ्यात घातली.

“आन मासळी?”

“सप्ता बसल्यापासून नाय,” दिनानाथ म्हणाला. मग तो जरा घुटमळला. “आये, त्यांना सांग, परवा पळस्प्याला एक आम्लेट खाल्लं.”

बायकांच्या भिंतीत कुजबुज झाली. आशालतानं कपाळाला हात लावला. काशिरामांनी वर बघितलं, जिथं मांडवाच्या कापडाला भोक होतं आणि त्यातून उन्हाचा एक ठिपका बरोबर त्यांच्या टकलावर पडत होता.

“रामकृष्णहरी… अंडं… रामकृष्णहरी… अंडं देव बघून घेईल. पाय धू म्हणावं त्याला. लवकर!”

आशालतानं कळशी उचलली आणि दिराच्या पायांवर पाणी ओतायला लागली. पायांना गाडीचं काळं ग्रीस, ते निघेना, म्हणून ती हळूहळू, धार धरून ओतू लागली.

“धार नको!” काशिराम ओरडले, आणि ते खाडीपलीकडे ऐकू गेलं. “एकदम ओत गं बाय, एकदम!”

अब्दुल्ला नमाज आटपून परतला होता. मशीनचं बटण वर राहिलेलं त्यानं बघितलं, जीभ चावली, हात पुढं केला. मग बायकांच्या तोंडांकडे बघितलं आणि हात मागं घेतला.

वीणेच्या देवघेवीचा नियम गावातल्या सगळ्यांना पाठ आहे. घेणारा आधी देणाऱ्याच्या पाया पडतो. मग वीणा गळ्यात घेतो. आणि मग देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो. त्यात वय नाही, नातं नाही. बाप लेकाच्या पडतो, सासरा जावयाच्या पडतो. ज्याच्या गळ्यात वीणा, तो त्या घटकेपुरता सगळ्यांत मोठा.

दिनानाथ ओल्या पायांनी आत आला. वाकला. बापाच्या पायांना त्यानं बोटंच लावली, जास्त नाही. काशिरामांनी वीणा उतरवली आणि त्याच्या गळ्यात घातली. तार वाजली. नाम एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलं. एक्केचाळीस वर्षं शाबूत राहिली.

आता त्यांचे हात मोकळे होते, पाय मोकळे होते आणि करंज वीस पावलांवर होता.

“रामकृष्णहरी,” दिनानाथ म्हणाला, आणि डोळे खाली ठेवूनच पुढं बोलला, “आये, त्यांना सांग, पाया पडायचं राहू दे. आधी जाऊन या. सगळ्यांना कळतंय.”

खरंच सगळ्यांना कळत होतं. गावात एकानंही नाव ठेवलं नसतं. काशिराम वळले, धोतराचा सोगा आवळला आणि दोन पावलं भरभर टाकलीसुद्धा. बायकांनी वाट करून दिली.

तिसऱ्या पावलाला ते थांबले.

मागं फिरले. ज्या वयात आणि ज्या अवस्थेत माणसानं वाकू नये, त्या वयात आणि त्या अवस्थेत ते वाकले. गुडघे टेकले. धाकट्याच्या ओल्या, ग्रीसच्या काळ्या रेघा राहिलेल्या पायांवर त्यांनी कपाळ ठेवलं. घाईनं नाही. सगळ्या गावाला दिसेल इतका वेळ ठेवलं. मग मात्र उठले ते धावतच. बायकांची भिंत दोन्हीकडे फुटली आणि सत्तरीच्या माणसाला असं पळताना गावानं पहिल्यांदा पाहिलं.

दिनानाथाचं नाम थांबलं नाही. पण आवाज कर्ण्यांतून खाडीपर्यंत गेला तेव्हा तो ओला होता.

काशिराम परत आले ते वेगळाच माणूस होऊन. खांदे खाली आलेले, चेहरा धुतलेला, कपाळाला ग्रीसचा काळा टिळा तसाच. त्यांना वीणा परत मागता आली असती. आशालता तेच समजून पुढं झाली. पण ते मांडवाच्या मधोमध उभे राहून ऐकत राहिले. दिनानाथ तार छेडत होता ती धावत्या गाडीसारखी, एकामागून एक, श्वास न घेता.

“हळू,” काशिराम म्हणाले. “गाडी नाय ती.”

 दिनानाथानं गुणाबाईकडे बघितलं.

“आये,” तो पुटपुटला, “रामकृष्णहरी… आबांना विचार, कितीपर्यंत…”

“तुझ्या पुढ्यात उभे हायत,” गुणाबाई म्हणाली आणि पदर खोचला. “तूच विचार. माझी डाळ लागली असंल.” आणि ती चुलाणाकडे गेली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती एकही निरोप न घेता निघाली होती.

दिनानाथानं तार हळू केली. बापाकडे बघितलं.

“कितीपर्यंत उभं राहू, आबा?”

काशिरामांनी कोपऱ्यातले टाळ उचलले, लेकाच्या बाजूला, पायांपाशी, सतरंजीवर बसले.

“तुझी बदली येईपर्यंत,” ते म्हणाले. “तोवर मी हाय हितं.”